सुपारी फुटली आणि भिंत बोलू लागली

माझ्या लग्नाची सुपारी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघराची भिंत बोलायला लागली. यावर कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसावं. मी चुलीपुढे चहा उकळत बसले होते, माय पाठीमागे ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ चाळत होती, आणि भांड्यांच्या मांडणीमागून बारीक आवाज आला. टिटीं, टिटीं, टिटीं. थोडा वेळ आला आणि बंद झाला. मायने माझ्याकडे बघितलं, मी मायकडे. तेवढ्यात चहा उतू गेला.

गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यातली. आमचं गाव पारोळ्याच्या बाजूला, कोरडवाहू, कापसाचं. घरात चौघं. वडलांना सगळं गाव आबा म्हणायचं म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो. माय, माझ्याहून थोडा मोठा भाऊ, आणि मी. मी बारावी झालेली आणि नाकावर राग घेऊनच जन्मलेली. माय म्हणायची, ही सासरी गेली की एक तर सासर सुधरेल नाहीतर ही परत येईल.

स्थळ धुळ्याचं होतं. मुलगा बोदवडला नोकरीला, शेतकऱ्याच्याच घरातला, बोलायला कमी. सुपारी फोडायला त्यांच्याकडून जीपभर माणसं आली. त्यांच्यात सगळ्यात मोठा मान होता मुलाच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. ते सुरतला राहायचे, तिथे त्यांचा कसलासा व्यवसाय होता. घरचा जावई, त्यात पैसेवाला, म्हणजे विचारूच नका. पाट कुठे मांडायचा, पहिला चहा कोणाला, सगळं त्यांच्याकडे बघून चाललेलं. आम्ही मनात त्यांचं नाव ठेवलं होतं सुरतचे पाहुणे.

कार्यक्रम छान झाला. जेवणं झाली. जीपमध्ये बसता बसता मुलाच्या लक्षात आलं की मनगटावर घड्याळ नाही. काटे नसलेलं, नुसत्या आकड्यांचं, बाहेरच्या देशातलं घड्याळ, सुरतच्या पाहुण्यांनीच त्याला दिलेलं. आमच्या गावात तसलं कोणी पाहिलंही नव्हतं. जेवणाआधी मोरीवर हात धुताना काढलं असेल, असं तो म्हणाला. मग काय, सगळे मोरीवर. भावाने मोरीच्या तोंडावरचा दगड काढून गाळात कोपरापर्यंत हात घातला. पाहुणे बिचारे राहू द्या, राहू द्या म्हणत होते. सुरतचे पाहुणे मात्र जीपमधून उतरले नाहीत, आणि काही बोललेही नाहीत. ते न बोलणंच मला खटकलं होतं.

घड्याळ सापडलं नाही. जीप गेली. आणि दुसऱ्या सकाळपासून भिंत सुरू.

पहिल्या दिवशी आम्ही पाल म्हणून सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, चुलीवर पहिला चहा असताना, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी माय पीठ टाकून उठली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. घाबरलेल्या आवाजात म्हणाली, "भितमा कोनीतरी बोली राहिनं."

भिंतीत कोणीतरी बोलतंय म्हणे! मला त्या आवाजापेक्षा मायच्या चेहऱ्याची भीती वाटली. तिने लगेच आम्हा तिघांना बजावलं की हे घराबाहेर जाता कामा नये. मुलीची नुकतीच सुपारी फुटलेली, आणि गावात झालं की यांच्या घराला काहीतरी बाधलंय, तर पुढचं लग्न कोण करेल? शेजारच्या अक्का साखर मागायला आल्या तरी माय त्यांना ओसरीवरूनच वाटेला लावायची. आमच्या घराचं दार दिवसभर उघडं असायचं, ते त्या दिवसांत लोटलेलं राहू लागलं.

भाऊ म्हणाला रातकिडा. मी म्हटलं, रातकिडा रोज चहाच्याच वेळी येतो का? त्याला विजेच्या मीटरचा संशय आला म्हणून त्याने फ्यूज काढून ठेवला. भिंत अंधारातही बोलली. आबांनी आपला ट्रान्झिस्टर शेतातल्या झोपडीत नेऊन ठेवला. तरी बोलली. उंदराची पिल्लं असतील म्हणून आम्ही मांडणीवरचा एकूणएक डबा, पातेलं, पितळी घागर खाली उतरवली, भिंत उघडी केली, पोपडे निघालेल्या जागा बोटांनी चाचपल्या. छिद्र नाही, भेग नाही. मी रोज पेला उलटा करून भिंतीला लावायचे आणि त्यावर कान टेकवायचे. पण आवाज येऊन बंद व्हायला जेमतेम पोळी उलटायला लागतो तेवढाच वेळ. पेला इकडे सरकवावा तर आवाज तिकडे, आणि नक्की करावं तोवर बंद. मग दुसऱ्या सकाळपर्यंत हात चोळत बसायचं. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

एवढं मात्र मी पक्कं केलं की आवाज छतात नाही, जमिनीत नाही, भिंतीच्या एका कोपऱ्यात आहे, माझ्या खांद्याच्या उंचीवर. त्या भिंतीपलीकडे कापसाची खोली होती, डोक्याच्या उंचीपर्यंत भरलेली. तिथे कोण काय बोलणार?

अशात लग्न जमवणारे आमचे मध्यस्थ आले, चपला न काढता ओसरीवर बसले आणि पाणी प्यायले. त्यांच्या चपला पायातच राहिल्या तेव्हा मला कळलं की बातमी चांगली नाही. सुरतचे पाहुणे धुळ्यात चार लोकांत म्हणाले होते, घड्याळाला काय पाय फुटले? जीपमधून उतरेपर्यंत मनगटावर होतं, निघताना नव्हतं, मग राहिलं कोणाच्या घरात? घड्याळाचं मोल नाही, पण माणसं कशी आहेत ते आधीच कळलेलं बरं. लग्नाची तिथी काढायला ते बसणार नव्हते, आणि जावई बसल्याशिवाय तिकडे तिथी निघणार नव्हती.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण आबांकडे बघितलं आणि गिळली. आबांच्या बांधावरून कोणी गवताची पेंढी उचलली तरी ते त्याला काही म्हणत नसत, आणि दुसऱ्याच्या बांधावरची काडी त्यांनी कधी उचलली नव्हती. गावातले तंटे आमच्या ओसरीवर मिटायचे. त्या माणसाने मान खाली घातली. त्यानंतर कितीतरी दिवस ती वर झाली नाही. ते पारावर जाईनात, दूध घालायला जाईनात, जेवताना एक भाकरी घ्यायचे आणि अर्धी ठेवून उठायचे.

मग एका संध्याकाळी ते एवढंच बोलले, "नवं घड्याळ लई देऊत. बठ्ठं मिटी जाई." नवं घेऊन देऊ, सगळं मिटेल, म्हणे.

मी ताट बाजूला सारलं. "लई दिधं म्हनजे चोरी कबूल कयी," मी म्हटलं. घेऊन दिलं की आम्हीच घेतलं होतं असं होणार, आणि मी त्या घरात जन्मभर चोराची पोर म्हणून भाकरी थापणार. त्यापेक्षा लग्न मोडलं तरी चालेल. माय रडायला लागली. भाऊ मला म्हणाला की तुझ्या जिभेला हाड नाही. आबांनी काही ऐकलं नाही. त्यांनी व्यापाऱ्याला सांगून टाकलं की कापूस उचला, दर चढायची वाट आता बघत नाही, आणि मला म्हणाले, उद्या धुळ्याला चल, तसलंच दिसणारं घड्याळ ओळखायला तुझे डोळे हवेत. सुपारीच्या दिवशी मी पोह्यांची बशी देताना मान खाली घालून होते, त्यामुळे मुलाचा चेहरा माझ्या नीट लक्षात नव्हता, पण मनगट होतं.

एसटीत मी आबांकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत बसले. आग्रा रोडवर घड्याळाचं एक मोठं दुकान होतं, तिथे शिरलो. दुकानदाराने काचेवर मखमली कापड पसरलं आणि तशाच आकड्यांची दोन-तीन घड्याळं मांडली. मी एकावर बोट ठेवलं. आबांनी बंडीच्या खिशात हात घातला. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक अजून तयार झालं नाही, म्हणून त्याने त्याचे गुण सांगायला सुरुवात केली. यात दिवा आहे, तारीख आहे, आणि सकाळी उठायचं असेल तर हे स्वतः हाक मारतं. त्याने एक बारीक बटण दाबलं.

टिटीं, टिटीं, टिटीं.

आबांचा हात खिशातच राहिला. आम्ही दोघं एकमेकांकडे असे बघत राहिलो की दुकानदाराला वाटलं असेल आमचं काहीतरी बिनसलं. मी त्याला पुन्हा वाजवायला सांगितलं. त्याने वाजवलं. मी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी आबांचा दंड धरला आणि त्यांना दुकानाच्या बाहेर काढलं. रस्त्यावर आल्यावर मला इतकं हसू फुटलं की येणारे-जाणारे थांबून बघू लागले. आमच्या भिंतीत भूत नव्हतं, नवरदेव बोलत होता!

परतीच्या एसटीत मी सगळं जुळवलं. आमच्याकडे कापसाच्या खोलीचं दार आतून कापसानेच बंद झालेलं असतं, म्हणून कापूस ओसरीवरच्या बिनगजाच्या खिडकीतून आत टाकतात आणि मग आत उतरून पायांनी तुडवतात, म्हणजे जास्त मावतो. आणि नियम असा की कापसात हात घालायचा तर अंगावरचं धातूचं सगळं आधी काढून ठेवायचं. आगपेटी नको, अंगठी नको, बायकांची जोडवीसुद्धा नको. एखादा खिळा जरी कापसात गेला तरी सरकी काढायच्या जिनमध्ये ठिणगी उडते आणि सगळा ढीग पेटतो. आम्ही या वस्तू कुठे काढून ठेवतो? त्याच खिडकीच्या फळीवर. वर्षानुवर्षं. हात आपोआप तिकडे जातो.

सुपारीच्या दिवशी आबांनी जेवणाआधी होणाऱ्या जावयाला कौतुकाने कापूस दाखवला होता. शेतकऱ्याचा मुलगा, धागा ओढून बघितल्याशिवाय कसा राहील? त्याला नियम माहीत, त्याने घड्याळ काढून फळीवर ठेवलं, धागा बघितला, तेवढ्यात पानं वाढल्याची हाक आली, आणि तो तसाच मोरीवर गेला. घड्याळ काढल्याचं त्याला आठवलं, कुठे काढलं ते विसरला. आणि पाहुणे गेल्यावर अंधारून आलं तसा माझ्या शहाण्या भावाने शेतातून आलेली गाठोडी फळीकडे न बघता खिडकीतून आत ढकलली आणि वर चढून तुडवली. घड्याळ कापसाबरोबर कोपऱ्यात सरकलं. त्या कोपऱ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला पलीकडून एक जुना कोनाडा आहे, कापसाने झाकलेला. तिथे मागची भिंत अगदी पातळ.

आणि गंमत बघा. घड्याळ रोज वाजतं हे नवरदेवाला माहीत होतं, पण आम्हाला सांगायचं त्याला कारण नव्हतं. घरात रोज काहीतरी वाजतं हे आम्हाला माहीत होतं, पण मायने तोंडाला कुलूप घातलेलं. अर्धी गोष्ट धुळ्यात, अर्धी आमच्या घरात.

दुसऱ्या सकाळी भाऊ जोडवं-बिडवं नसलं तरी करगोट्याची चांदीची साखळी काढून खिडकीतून आत उतरला. कोपऱ्यातला कापूस त्याने आधीच बाजूला केला होता. चहाच्या वेळी भिंत बोलली, आणि आतून तो ओरडला की दिसलं. मी खिडकीत वाकून बघितलं. कोनाड्यात, कापसाच्या पुंजक्यात, चकाकता पट्टा. भाऊ हात पुढे करणार तोच मी आत उतरून त्याचं मनगट धरलं.

त्याला वाटलं मला वेड लागलं. पण मी रात्रभर याचाच विचार केला होता. आम्ही घड्याळ हातात घेऊन धुळ्याला गेलो असतो तर सुरतचे पाहुणे हसून म्हणाले असते, बघा, दाब आल्यावर निघालं की नाही? आणि मग आयुष्यभर ते पुसता आलं नसतं. ज्याने तोंड उघडलं त्याच्याच हाताने ते निघालं पाहिजे, आमचं बोटही त्याला लागता कामा नये. भावाने आबांकडे बघितलं. आबा खिडकीतून आत उतरले. मग त्यांनी स्वतः मूठभर कापूस घेतला आणि कोनाडा पुन्हा झाकला. त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

व्यापाऱ्याला थांबवलं. तो चिडला, चिडू दिला. मध्यस्थांकरवी निरोप गेला की घड्याळाचं काय ते समोरासमोर मिटवू, मुलाला आणि सुरतच्या पाहुण्यांना भरिताला बोलावलंय, मुक्कामाला या. ते येईपर्यंतचे दिवस मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. त्या घड्याळाचा सेल संपला तर? दुकानदाराला तेवढं विचारायचं राहिलं होतं. रोज सकाळी भिंत बोलली की मी देवापुढे हात जोडायचे. ज्या आवाजाने झोप उडवली होती त्याच आवाजाची मी आता आतुरतेने वाट बघत होते.

पाहुणे आले. शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचून भरीत केलं, कळण्याच्या भाकरी, वर कच्चा कांदा. सुरतचे पाहुणे भरपूर जेवले, पण चेहरा तसाच, आम्ही कधी एकदा खिशातून काही काढून देतो याची वाट बघत असल्यासारखा. नवरदेवाने मात्र एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. लाजला होता बिचारा, आणि ती लाज आमच्यावर आलेल्या चोरीच्या आळाची होती. तेव्हा पहिल्यांदा मला तो आवडला.

सकाळी मी मुद्दाम पाहुण्यांचा चहा स्वयंपाकघरातच मांडला. मांडणीसमोर दोन पाट. थंडी आहे, चुलीजवळ बसा, असं माय म्हणाली. मी चहा गाळला. सुरतच्या पाहुण्यांनी बशीत ओतला, फुंकला. भिंत गप्प. मी आधणात पुन्हा पाणी टाकलं. भिंत गप्पच. आबा दारात उभे होते, त्यांचे ओठ हलत होते.

टिटीं, टिटीं, टिटीं.

बशी पाहुण्यांच्या ओठांपाशी थांबली. नवरदेव ताडकन उठला. "हे तर माझं घड्याळ," तो म्हणाला. मी ओसरीकडे हात दाखवला.

पुढचं सगळं त्यांनीच केलं. भाऊ हाताची घडी घालून लांब उभा राहिला. सुरतच्या पाहुण्यांना आता दम नव्हता, ते स्वतःच खिडकीवर चढू लागले. आबा शांतपणे म्हणाले, कापसात उतरताय, अंगावरचं काढून ठेवा. पाहुण्यांनी हातातलं घड्याळ काढलं, सोन्याची अंगठी काढली, आणि एवढा मोठा माणूस धोतर सावरत खिडकीतून कापसात कोसळला. आत बराच वेळ धडपड, शिंका. मग कोपऱ्यातून आवाज आला की सापडलं, इथे कोनाड्यात होतं, कापसाच्या आत. ज्या माणसाने चार लोकांत आम्हाला चोर ठरवलं, तोच माणूस ओसरीवर ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता की घड्याळ कुठे होतं आणि कसं गेलं असेल.

ते बाहेर आले. डोक्यावर, भुवयांवर, मिशीवर सगळीकडे कापूस. घड्याळ नवरदेवाच्या हातात दिलं, अंग झाडलं, आणि मग सवयीने स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. मनगट रिकामं. बोट रिकामं. त्यांनी खिसा चाचपला, धोतराचा सोगा चाचपला, मग ओसरीभर बघू लागले. बघता बघता त्यांची नजर आमच्यावर येऊन थांबली, आणि त्याच क्षणी त्यांना कळलं की आपण काय करतोय. चेहऱ्याचा रंग उतरला.

ते आत कोसळले तेव्हाच मी फळीवरून दोन्ही वस्तू उचलून हळदी-कुंकवाच्या ताटलीत ठेवल्या होत्या. ती ताटली मी पुढे केली.

"घ्या पाहुणे. आमच्या घरात वस्तू हरवते, जात नाही."

सुरतच्या पाहुण्यांनी अंगठी घातली, घड्याळ बांधलं. मग माझ्यापुढे नाही, आबांपुढे त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "आबा, पंचांग आणा. तिथी काढूनच मी सुरतला जातो."

आबांनी मान वर केली. किती दिवसांनी मी त्यांचे डोळे बघत होते. ते पुढे झाले आणि त्यांनी पाहुण्यांच्या मिशीतला कापूस आपल्या हाताने काढला.